पोटॅशियमचे पेढे

माणूस मूर्खपणा करतो, त्यात नवल नाही. पण मूर्खपणा करून वर त्याचे पेढे वाटणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नाही ना? मग चहाचा कप खाली ठेवा आणि नीट बघून घ्या. तुमच्या समोरच बसलाय!

मी बॉयलरवाला. आधी वाळूजच्या, मग शेंद्र्याच्या कंपनीत, मिळून बत्तीस वर्षं बॉयलर चालवला. बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. पाणी कमी पडलं तर बॉयलर तापून फुटतो. जास्त झालं तर वाफेबरोबर पाणी पुढं जातं आणि पुढच्या मशिनी मोडून ठेवतं. म्हणून ऑपरेटरची नजर आठ तास त्या काचेवर. बायकोचा वाढदिवस विसरला तर चालतो, काच विसरून चालत नाही.

आणि एक गोम सांगतो, ती लक्षात ठेवा. काच पूर्ण रिकामी असो नाहीतर काठोकाठ भरलेली असो, बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. मधली पाण्याची रेघच दिसत नाही ना! त्यामुळं काच रिकामी दिसली की घाबरून आत पाणी सोडायचं नाही. आधी काचेखालचा कॉक, म्हणजे छोटा नळ, उघडून तपासायचं. हे मी कित्येक नव्या माणसांना घसा फोडून शिकवलंय. एक-दोघांच्या तर डोक्यात टपली मारून शिकवलंय.

तर असा मी रिटायर झालो आणि मुकुंदवाडीत घरी बसलो. घरात बॉयलर नव्हता, पण आमची विमल होती. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्यासमोर मेथीच्या चार जुड्या टाकल्या. "निवडा," म्हणाली. दोन वर्षं मी मेथी निवडली. मग पायावर सूज यायला लागली, बीपीही वर चढलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टर मॅडमचा छोटा दवाखाना आहे. मुलगी वयानं लहान, पण कामाला पक्की. तिनं तपासलं आणि गोळी दिली, अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी.

काय गोळी होती हो ती! पहिल्याच दिवशी सकाळी गोळी घेतली आणि शहाणपणा करून सिटी बसमध्ये बसलो. सिडको येईपर्यंत मी सीटवर बसायचा बंद झालो होतो, नुसता डोलत होतो. त्या महिन्यात जालना रोडवरचा प्रत्येक पेट्रोल पंप मला तिथल्या शौचालयावरून ओळखता यायला लागला. कुठली कडी लागत नाही, कुठं नळाला पाणी नाही, काहीही विचारा.

सूज उतरली. पण थोड्या दिवसांनी पोटऱ्यांत गोळे यायला लागले, पायांतलं बळच गेलं. मॅडमनी रक्त तपासलं. पोटॅशियम तीन पूर्णांक एक.

"काका, ते साडेतीन ते पाचच्या मध्ये पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "गोळीनं पाणी बाहेर जातं ना, त्याच्याबरोबर पोटॅशियमही जातं."

मी टाळीच वाजवली. "म्हणजे ब्लोडाऊन!"

"काय?"

"अहो, बॉयलरमधलं घाण पाणी आम्ही खालून सोडून देतो. त्याच्याबरोबर आत टाकलेलं केमिकलही जातं. मग ते परत टाकावं लागतं."

मॅडम हसल्या. "हं, तसंच काहीसं."

इथंच त्या चुकल्या. बॉयलरवाल्याला 'तसंच काहीसं' असं कधी म्हणू नये. तो स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागतो!

मॅडमनी पोटॅशियमचं पातळ औषध दिलं. पाच दिवस, दोन वेळा, जेवण झाल्यावर, ग्लासभर पाण्यात मिसळून, सावकाश प्यायचं. आपल्या मनानं वाढवायचं नाही, पाच दिवसांनी परत रक्त. मी घरी आलो आणि म्हटलं, पाण्यात मिसळून पितात ते कच्चे गडी. झाकणभर औषध तसंच घशात ओतलं. अहाहा! जिभेपासून बेंबीपर्यंत रस्ता कुठून कुठं जातो, ते मला त्या दिवशी कळलं.

विमल बाटली हातात घेऊन उभी. "गिलासभर पाणी म्हणून लिवलंय हितं. वाचता येतंय नव्हं तुम्हाला?"

"येतं."

"मंग वाचत जा की!"

हे वाक्यही लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

पाच दिवसांनी आकडा आला तीन पूर्णांक सहा. मॅडम खूश. म्हणाल्या, "आता गोळी बदलते. ही नवी गोळी पाणी काढते, पण पोटॅशियम शरीरातच राखून ठेवते. म्हणून ते पातळ औषध आजपासून बंद." तसं चिठ्ठीवर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "दहा-बारा दिवसांनी परत रक्त तपासू. मीठ कमी. दुसरं काही घेत नाही ना? काढा, पावडर, कुणी सांगितलेलं काही?"

"काही नाही, मॅडम," मी म्हटलं. आणि तेव्हा ते खरंही होतं. बंद म्हणजे बंद, असं मनात पक्कं करूनच मी दवाखान्यातून निघालो होतो, आईशपथ!

पण घरी पोचून मेथी निवडायला घेतली आणि फोन वाजला. आमच्या जुन्या कंपनीचे मॅनेजरसाहेब.

"साहेबराव, नवा बॉयलर आलाय आणि माणसं सगळी नवीन. एक वर्षासाठी येता का? चालवा पण आणि शिकवा पण. फक्त मेडिकल फिट पाहिजे. हा सोडून पुढच्या सोमवारी रक्त देऊन टाका."

काय सांगू! मी मेथी हातात धरून उभाच राहिलो. दोन वर्षांत कुणी मला कशासाठी बोलावलं नव्हतं, रेशनच्या रांगेत उभं राहायला सोडून. डोळ्यांत पाणीच आलं. ही नोकरी मला पाहिजे म्हणजे पाहिजेच होती.

आता तीन पूर्णांक सहा. साडेतीनच्या जरासं वर. मला सांगा, कुठला ऑपरेटर काचेच्या तळाशी पाणी ठेवून ड्युटीवर उभा राहील? सोमवारपर्यंत दोन-चार दशांश उतरलं की झालो अनफिट! मी हिशेब मांडला. नवी गोळी पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही, ते मॅडमनी बघितलं, छान केलं. पण भरायचं खातं माझं. बाटलीत अर्धं औषध शिल्लक होतंच, ते परत दोन वेळा सुरू केलं. आणि त्या दोन रेघांकडं न बघता मी ती चिठ्ठी घडी करून कपाटात टाकली.

त्यात शनिवारी माझे साडू आले. भागवतराव, कन्नडचे. विमलच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं दोघांचं लग्नापासून एकच चालू आहे, मी पुढं का तू पुढं. त्यांनी मोटारसायकल घेतली की मी घ्यायची, मी दात बसवले की त्यांनी बसवायचे.

"जय भीम, साडूभाऊ!" पिशवीतून एक पुडा काढला. "हे मीठ धरा. कमी सोडियमचं. बीपीवाल्याला लई भारी. म्या सहा महिने झाले खातुय, बघा कसा टणटणीत हाय!"

विमल मला महिनाभर अळणी वरण घालत होती. मी त्या पुड्यावर अक्षरशः झडप घातली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काहीतरी छापलं होतं, पण चष्मा आतल्या खोलीत होता. उठायचं कुणी? कमी सोडियमचं आहे म्हटल्यावर दुप्पट खायला काय हरकत? वरणात टाकलं, ताकात टाकलं, पेरूवर भुरभुरलं. भागवतराव बघत होते म्हणून दोन चिमटी जास्तच टाकलं.

मग नारळपाणी. चौकातल्या गाडीवाल्या सलीमभाईकडं सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, "चाचा, कित्ते पीते तुम? पेट में बाग लगाना है क्या?"

"मेडिकल है," मी म्हटलं.

"तो लो फिर, मलाई भी खाओ!"

आणि केळी! आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली रीत. साहेबरावांना पोटॅशियम कमी पडलंय, केळी लागतात, अशी बातमी विमलनंच कधीतरी ओट्यावर सांगितली होती. गल्लीतला जो येई तो डझनभर केळी घेऊन. ती काळी पडतात, टाकली तर पाप लागतं. मग काय? मीच खाल्ली. दिवसाला सहा. एके दिवशी आठ.

शुक्रवार उजाडला आणि माझे पाय परत गळायला लागले. जिना चढताना कठडा धरावा लागला. बोटांना मुंग्या. हे मला ओळखीचं होतं. मागच्या वेळी असंच झालं होतं, तेव्हा पोटॅशियम कमी निघालं होतं.

म्हणजे पातळी उतरली! सोमवार तीन दिवसांवर आणि काच रिकामी! मी सगळं वाढवलं. औषध दोनाऐवजी तीन वेळा, मीठ ताटात वेगळी ढिगली करून, नारळपाणी थेट दोन-दोन.

विमल दोनदा म्हणाली, "आवो, बाईंना एक फोन लावा. तोंड बघा कसं पडलंय."

"सोमवार होऊ दे. आत्ता फोन केला तर ती मेडिकलला जाऊच देणार नाही."

"नगं जाऊ दिऊ की! जीव मोठा का बॉयलर?"

मी ऐकलं नाही. साफ ऐकलं नाही. बत्तीस वर्षांचा ऑपरेटर होतो ना मी!

सोमवारी सकाळी कंपनीच्या लॅबमध्ये रक्त दिलं आणि घरी येऊन पडलो. दुपारी फोन आला. लॅबमधली मुलगी होती.

"साहेबराव काका? तुमचं पोटॅशियम सहा पूर्णांक दोन आलंय. तुम्ही ताबडतोब..."

पुढचं ऐकतो कोण! सहा पूर्णांक दोन! पाचापैकी सहा पूर्णांक दोन! "लई उपकार झाले, बेटा!" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. तिनं परत लावला, तर माझा फोन लागत कुठं होता? मी सगळ्या नातेवाइकांना लावत होतो ना!

तेवढ्यात मोबाईलवर रिपोर्ट आला. काय सांगू, माझा आकडा ठळक, काळ्याभोर अक्षरांत आणि शेजारी चांदणी! बाकीचे आकडे नुसतेच साधे. शाळेत दहा वर्षांत मला एकदाही चांदणी मिळाली नव्हती. मी रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कष्टाचं फळ'.

धडाधड अभिनंदन सुरू झालं. भाच्यानं फुलं टाकली. पुतणीनं नाचणारी बाहुली टाकली. पाच मिनिटांनी भागवतरावांचा निरोप आला, 'माझं मागच्या महिन्यात चार पूर्णांक दोन होतं.'

मी लिहिलं, 'प्रयत्न चालू ठेवा.'

आयुष्यात इतकं सुख मला फार थोड्या वेळा झालं आहे, खोटं कशाला बोलू?

कोपऱ्यावरून अर्धा किलो पेढे आणले. गल्लीत वाटले. उरलेला डबा मॅडमला द्यायला निघालो. दवाखाना दोनशे पावलांवर, पण पाय असे लटपटत होते की रिक्षा करावी लागली. विमल म्हणाली, "म्या बी येते." आणि स्वयंपाकघरातून एक गच्च भरलेली पिशवी घेऊन माझ्या शेजारी बसली. मला वाटलं, भाजी आणायला जाणार असेल.

मॅडमनी हसत डबा उघडला. "काय काका, नातू झाला की काय?"

"नाही मॅडम. सहा पूर्णांक दोन!"

पेढा त्यांच्या तोंडापर्यंत गेला होता. तिथंच थांबला.

"काय सहा पूर्णांक दोन?"

"पोटॅशियम!" मी छाती पुढं काढून मोबाईल दाखवला. "चांदणी बघा!"

मॅडमनी पेढा खाली ठेवला. चेहरा एकदम पांढरा. "झोपा. आत्ता. तिथंच. सिस्टर, ईसीजी लावा!"

अजून मला वाटत होतं, विश्वास बसत नाही म्हणून परत तपासतायत. छातीला वायरी चिकटवल्या, हातापायाला चिमटे लावले आणि मॅडमनी विचारलं, "काका, खरं सांगा. काय काय घेतलंत?"

"काही विशेष नाही."

विमलनं पिशवी टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. आधी रिकामी झालेली औषधाची बाटली. मग केळ्यांची फणी. मग नारळाचं एक शहाळं, पुरावा म्हणून. शेवटी भागवतरावांचं मीठ.

मॅडमनी पुडा उलटा केला आणि बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. "पोटॅशियम क्लोराईड."

"मिठात?" मी म्हटलं.

"काका, सोडियम काढलं तर त्याच्या जागी काय घालणार, साखर? तुमची नवी गोळी पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. औषध मी बंद केलं होतं. आणि तुम्ही चारी बाजूंनी भरताय! ती चांदणी शाबासकीची नाही, धोक्याची खूण आहे!"

"पण मॅडम, पाय गळत होते हो! मागच्या वेळी कमी झालं तेव्हा गळाले होते, तसेच."

"कमी झालं तरी गळतात आणि जास्त झालं तरी गळतात. लक्षणावरून कळत नाही. रक्त तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही, मलासुद्धा नाही."

मी छताकडं बघत पडलो. रिकामी आणि भरलेली, दोन्ही सारखीच दिसतात. आधी तपासायचं, मग पाणी सोडायचं. अरे देवा, हे तर मीच सांगत होतो ना सगळ्यांना! टपल्या मारून सांगत होतो!

"आणि जास्तच झालं तर काय होतं?" मी हळूच विचारलं.

"हृदय बंद पडू शकतं. आधी काही न सांगता."

तेव्हा मी भ्यालो. विनोद सोडून सांगतो, मनापासून भ्यालो. विमलनं माझा हात धरला होता, तो बर्फासारखा गार होता. माझा नव्हे, तिचा. म्हणाली, "बत्तीस वर्षं त्या बॉयलरशी बोलले. दोन वर्षं झाली घरी येऊन, तर परत पळायची घाई. आन् एवढी घाई, की पार वरच निघाले!"

मला रडू आलं. सिस्टर म्हणाली, काका, हलू नका, ईसीजी बिघडतो.

मोठ्या दवाखान्यात नेलं. सलाईन, इंजेक्शन, नाकातोंडाला वाफेचा मुखवटा. बॉयलरवाल्याला वाफ, बघा म्हणजे! दोन दिवस ठेवलं, दर थोड्या वेळानं रक्त. आकडा हळूहळू खाली आला. दुसऱ्या दिवशी दारात कोण? भागवतराव.

"जय भीम, साडूभाऊ! पहिला नंबर काढला म्हणं!" आणि हातात डझनभर केळी.

सिस्टरनं ती दारातच काढून घेतली. भागवतरावांना सगळं सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा काही पडला, की मला माझं दुखणं विसरायला झालं. त्यांनी तिथंच सिस्टरला विचारलं, मी हे मीठ खाऊ का नको? ती म्हणाली, तुम्हाला कुठल्या गोळ्या चालू आहेत, किडनी कशी आहे, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नको. ते त्याच दिवशी कन्नडला परत गेले, पुडा दाखवायला.

गोळ्यांची गाडी मॅडमनी परत रुळावर आणली. आता तपासणीच्या तारखा विमलच्या कॅलेंडरवर लाल पेननं आहेत. साधी खोकल्याची गोळी जरी कुणी दिली तरी ती हातातून काढून घेते आणि मॅडमला फोन लावते. सलीमभाई गाडीवरून हाका मारतो, "चाचा, नाराज हो क्या?" मी मान खाली घालून पुढं जातो.

आणि नोकरी? मॅनेजरसाहेब भला माणूस. महिनाभर थांबले. परत रक्त दिलं, आकडा आला चार पूर्णांक तीन. ठळक नाही, काळा नाही, चांदणी नाही. मी तो साधा, गरीब आकडा कितीतरी वेळ बघत बसलो. मेडिकल फिट! पेढे मात्र विमलनं आणू दिले नाहीत.

पहिल्या दिवशी शेंद्र्याला नव्या माणसांसमोर उभा राहिलो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काच रिकामी दिसली तर आधी तपासा, मग पाणी सोडा.' समोर सोयगावकडची एक नवी इंजिनिअर मुलगी बसली होती, चुणचुणीत. तिनं हात वर केला.

"सर, पण असं खरंच कुणी करतं का? काठोकाठ भरलेलं असताना वरून आणखी भरायचं?"

"केलंय एकानं," मी म्हटलं.

"नवशिका असेल."

"नाही. बत्तीस वर्षांचा अनुभव होता."

"बाप रे! मग काढून टाकला असेल त्याला कंपनीनं!"

मी खडू खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाही गं, पोरी," म्हटलं, "तुम्हाला शिकवायला ठेवलाय."